कान

प्लोवदिव. चौथा मजला, रात्रपाळी.
मी ऐकते.
लोकांच्या स्वयंपाकघरातल्या त्या बोलक्या डब्या
चुकून जाग्या होतात आणि जे कानी पडेल ते उचलतात.
त्याचे तुकडे, बारा सेकंद, वीस,
कधी नुसताच खोकला,
माझ्या हेडफोनमध्ये येऊन पडतात.
नाव नसतं, गाव नसतं.
पडद्यावर तीन बटणं: ठेवा, पुसा, वर पाठवा.
भिंतीला कान असतात म्हणतात ना,
त्यातला एक मी.
महिन्याला चौदाशे लेव्हा, जेवणाची कुपनं वेगळी.

नव्या मुलींना सांगते, पहिला आठवडा जड जातो.
मग बाईचं हुंदके देणं आणि किटलीची शिटी
सारखीच वाटायला लागते.
लहान मूल रडलं विचित्र, तर वर पाठवायचं.
कुणी जीव द्यायचं म्हणालं, तर वर पाठवायचं.
बाकीचं पोटात.
तशी सही केलीय आम्ही, अकरा पानांखाली.
डबी घेणाऱ्यांनीही केली असेल,
अंगठ्यानं मजकूर वर ढकलत ढकलत
थेट 'मान्य आहे'पर्यंत.
वाचलं त्यांनी नाही. मीही नाही.

मंगळवारी एका तुकड्यात
आधी पाण्याचा पंप ऐकू आला,
दर तिसऱ्या ठोक्याला अडखळणारा.
माझा हात माउसवरच राहिला.
त्या पंपाखाली मी पाय धुतलेत
सहा वर्षांची असल्यापासून.
मग आवाज. आमच्या डोंगरातली बोली,
शेवटचा स्वर ओढलेला:
"कुणाला बोलू नको हं.
आज परत रक्त पडलं. तिसऱ्यांदा."

डबी म्हणाली, माफ करा, मला समजलं नाही.

मला समजलं.

यादी दोनदा वाचली. रक्त यादीत नाही.
कोपऱ्यातलं घड्याळ उलटं मोजत होतं, नऊ, आठ,
आणि मी 'पुसा' दाबलं.
कारण विचारलं, तर लिहिलं: अनवधानानं झालेलं रेकॉर्डिंग.
पुढच्या तुकड्यात कुणीतरी पोळा फोडण्याची तक्रार करत होतं,
मधमाश्यांचा. तो मी नीट ऐकला,
एक शब्द चुकवला नाही.

रविवारी बसनं स्मोल्यान, तिथून वर चालत.
लाझारमामानं टोमॅटो चिरले, राकिया ओतली.
पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक होतं,
जुन्यापासून चांगलं दोन बोटं आत.
तब्येत?
"घोड्यासारखी."
मी म्हटलं, आमच्या इमारतीत एक डॉक्टर राहायला आलेत,
भले आहेत, सहज दाखवून येऊ.
"सहज?" सुरी थांबली.
"तुला कोण काय बोललं?"
मी कानांवर हात ठेवले.
अक्षरशः ठेवले. नंतर लक्षात आलं.

फळीवर डबी होती.
खाली मामीनं विणलेला रुमाल,
धूळ नाही, मामी जाऊन दोन वर्षं झाली तरी.
डबी मीच दिली होती, त्याच्या नामदिनाला.
कंपनीच्या माणसांना निम्म्या किमतीत मिळते.
एकटा असतोस, म्हटलं होतं,
गोळ्यांची आठवण करून देईल.
त्या दिवशी त्याला चष्मा सापडेना.
'मान्य आहे' मीच दाबलं होतं.

"गावात एकाला शिंक आली
तर दुसरा रुमाल घेऊन येतो," मामा म्हणाला.
"ही बरी. हिला सांगितलं की सांगून होतं.
ऐकते, विसरते."
आणि तिच्याकडे बघून हसला,
जसा मामीकडे बघून हसायचा,
अर्ध्या मिशीत.

परतीची बस साडेपाचची.
त्याच्या ताटात अजून भाकरीचा तुकडा होता.
मी उठले.
आधी वायर ओढली,
मग तोंड उघडलं.